घड्याळसरांचा विभाग

प्रश्न विचारून गप्प बसणं फार कमी शिक्षकांना जमतं. आमच्या सरांना ते असं जमत असे, की समोरचा शेवटी नको तेही बोलून जाई. गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच, खाली धोतर, अंगात बंद गळ्याचा कोट. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे घड्याळसर म्हणत. वर्गात ते शुद्ध पुस्तकी मराठीत शिकवीत आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की बार्शीटाकळीकडची बोली सुरू होई.

मानसशास्त्र विभाग त्यांनी उभा केला तो ग्रंथालयामागच्या एका खोलीत. एकोणीसशे साठच्या अलीकडचा-पलीकडचा काळ. मी त्यांच्या हाताखाली प्रयोग घेणारा, नुकता एम. ए. झालेला. यंत्रं मागवण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून सरांनी वाट शोधण्याच्या प्रयोगासाठी सुताराकडून लाकडी चक्रव्यूह करून घेतला. न्हाव्याकडून जुना आरसा आणला. स्नेहसंमेलनात विभागाचं प्रदर्शन लागलं, की गावातली माणसं रांग लावत. आरशात पाहून कागदावरची चांदणी गिरवायची, एवढाच खेळ. एकदा तालमीतल्या एका पहेलवानाला घाम फुटला, पेन्सिल भलतीकडेच पळू लागली. सर म्हणाले, "पहेलवान, हात तुमचाच आहे, पण तो आरशाचं आयकून राहिला. तुमी काहून रागावता त्याच्यावर?" पहेलवान हसला आणि दुसऱ्या दिवशी अख्खी तालीम घेऊन आला.

शब्दांची चाचणी हा त्यांचा खास विषय. आपण एक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात पहिला येईल तो शब्द सांगायचा आणि मध्ये किती वेळ गेला ते घड्याळावर बघायचं. जिथे माणूस अडतो, तिथे काहीतरी दुखतं. इंग्रजी पुस्तकातली यादी त्यांनी पहिल्याच वर्षी बाजूला ठेवली. "अमरावतीत जहाज कोनं पायलं?" असं म्हणून त्यांनी सरकी, बैलबंडी, विहीर, सासर असे शब्द घातले. ती यादी पुढे इतर कॉलेजांनी मागून नेली. विभागाचं पहिलं नाव झालं ते तिच्यामुळे.

रविवारी सकाळी ती खोली गावासाठी उघडी असे. तोतरं बोलणारं पोर, झोप न येणारा कारकून, परीक्षेला घाबरणारी मुलगी, कोणीही यावं. "सर, तुमाले मनातलं वयखता येते म्हनते," असं कोणी म्हणालं की ते सांगत, "मले मायी बायको काहून रुसली तेच समजत नाही, तुमचं काय वयखू?" मी कोपऱ्यात वेळ टिपत बसे. खोलीत बोललेलं खोलीतच राहील, हे ते प्रत्येकाला आधी सांगत, आणि सांगताना एकदा माझ्याकडे बघत.

आमच्या संस्थेच्या सचिवांचा मुलगा एका रविवारी आला. वडिलांना तो डॉक्टर व्हायला हवा होता. हा पठ्ठ्या सायन्सचे तास सोडून सरांच्या वर्गात मागे बसत असे. चाचणीत 'बाप' शब्दावर तो इतका अडला, की मी घड्याळ बंद पडलं की काय म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "कुलूप." आणि रडू लागला. सर म्हणाले, "हे तूच सांगशील तुह्या बापाले, जवा हिंमत होईन तवा. आमच्याकडून एक शब्द जानार नाही."

त्याच महिन्यात सचिवांनी मला घरी बोलावलं. संत्र्याचं सरबत दिलं आणि हसत म्हणाले, "काय मास्तर, जत्रेतला पोपटबी चिठ्ठी उचलून भविष्य सांगते. तुमचा विभाग त्याहून येगळं काय करते?"

त्यांनी मला जाळ्यात ओढलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं काही नव्हतं. त्यांनी फक्त चिडवलं होतं. माझ्या शास्त्राला पोपट म्हटलेलं मला सोसवलं नाही. आमची चाचणी किती अचूक, हे दाखवायला मला एक उदाहरण हवं होतं आणि सगळ्यात चांगलं उदाहरण त्यांच्याच घरातलं होतं. मी ते दिलं. 'कुलूप'सकट.

चार दिवसांत मुलाचं नाव कॉलेजातून काढून त्याला मूर्तिजापूरला मामाच्या कापसाच्या जिनात बसवलं. जाण्याआधी तो विभागात आला. "सर, मी फक्त तुमालेच सांगतलं होतं," एवढंच बोलला. सरांनी मान खाली घातली. मी आरसा पुसत होतो. त्या रविवारी खोलीत आम्ही तिघंच होतो. सरांनी माझ्याकडे नुसतं एक बोट उचललं असतं तरी पुरे होतं. त्यांनी ते उचललं नाही, आणि तो मुलगा आयुष्यभर त्यांनाच दगाबाज समजत राहिला.

पुढचं संस्थेने केलं. लोकांच्या घरात भांडणं लावतात, असा ठपका ठेवून सरांना अकोल्याच्या शाखेत पाठवलं. तिथे मानसशास्त्र नव्हतंच, तर्कशास्त्राचे तास होते. छप्पन साली बौद्ध झालेला हा माणूस विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसलेला काही जणांना आधीपासून खुपत होता. निमित्त मी पुरवलं. खुर्ची मला मिळाली. रविवारची खोली बंद झाली. विभागाच्या स्मरणिकेत संस्थापक म्हणून, शब्दयादीचा कर्ता म्हणून, प्रदर्शनांचा जनक म्हणून माझं नाव छापलं आहे. ते चूक आहे. तिन्ही ठिकाणी सरांचं नाव हवं.

दोनेक वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी अकोल्याला गेलो आणि सगळं सांगून टाकायचं ठरवून त्यांच्या घरी पोचलो. सरांनी चहा करवला, विभागाची चौकशी केली, सुताराचा चक्रव्यूह अजून शाबूत आहे का विचारलं. मी वाक्य जुळवीत होतो, इतक्यात दारात एक विद्यार्थिनी येऊन उभी राहिली. काहीतरी बोलायचं होतं तिला, मला पाहून अडली.

सरांनी कप खाली ठेवला. इतकी वर्षं ते मला अरे-तुरे करत आले होते. "तुमी जरा भाईर बसता का?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मी ओट्यावर येऊन बसलो. दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज येऊ लागला. मी उठलो आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो, शब्द ऐकू येणार नाहीत इतका लांब.