चौथ्या चालीतला घोडा

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला घेतलं की विषय बदलतो — अजूनही.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत बाबा ज्या जिनिंग मिलमध्ये कारकून होते ती बंद पडली. ते घराबाहेर पडेनासे झाले. यवतमाळच्या कॉलेजात जिल्ह्याची बुद्धिबळ स्पर्धा होती, तिथे मात्र आले. मागच्या बाकावर बसले. मी सारखा मागे वळून बघत होतो.

समोर राजूरची वर्षा होती, कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी. स्पर्धेत मुलगी ती एकटीच. मी काळ्या सोंगट्यांनी रशियन बचाव खेळलो. तिच्या घोड्याने माझं मधलं प्यादं मारलं, मीही लगेच घोड्याने तिचं मारलं. असं लगेच मारायचं नसतं, हे मला पाठ होतं. मग का मारलं? भीतीपोटी — दुसरं काय? तिने शांतपणे वजीर एक घर पुढे घेतला. माझा घोडा मारात आला. तो मागे घ्यायला मी बोटांत धरला — आणि दिसलं. हा हलला की तिचाही घोडा उठणार, मागून वजिराचा शह बसणार, आणि माझा वजीर जाणार. पाचव्या चालीला. बाबांसमोर.

मी हात मागे घेतला. हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते, तुम्हाला माहीत असेल.

"सर, यानं घोड्याले हात लावला," ती म्हणाली.

पंच आले. "लावला का?"

"नाही."

"मी पाहून राह्यली होती, सर."

दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. मागे कुणीतरी हसलं. खोटी तक्रार केली म्हणून पंचांनी तिला माझी माफी मागायला लावली. तिने मागितली, माझ्याकडे सरळ बघत. आणि मी — मी मान डोलावली. त्यानंतर ती विचार न करता भराभर चाली करत गेली. ती हरली.

परतताना ऑटोत बाबांनी विचारलं, "पोरगी खोटं बोलत होती का बे?"

मी हो म्हणालो. बाबांचं निमित्त पुढे करत नाही. खोटं मीच बोललो, दोनदा.

पुढे प्रत्येक स्पर्धेत मी आधी नावांची यादी वाचायचो — ती असेल का? ती कधीच नव्हती.

गेल्या वर्षी ती माझ्या ऑफिसच्या खिडकीशी आली, मुलाच्या दाखल्यासाठी. केसांत पांढरं. दाखला हातात घेऊन तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही बुद्धिबळ खेळत होते ना?"

"नाही," मी म्हणालो. "दुसरे कोणी असतील."

तिने दाखल्याची घडी घातली. मी पुढच्या माणसाला हाक मारली.