दोन डोळ्यांचा कॅमेरा

बाबुलाल शिकलगारला शिरूरमध्ये नावाने हाक मारणारी माणसं थोडी. बाकी सगळ्यांचा तो स्टोवाला. एसटी स्टँडच्या मागच्या बोळात त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, राहत्या घराचीच पुढची खोली. तिथे रॉकेलचा वास इतका मुरला होता की गिऱ्हाईक डोळे मिटून आलं तरी चुकलं नसतं. बाप कासम सुऱ्या-विळ्यांना धार लावायचा. बाबुलालने धारेचं चाक सोडून स्टो धरला, आणि नेमकी तेव्हाच गावात घरोघरी गॅसची सिलिंडरं यायला लागली. वेळ साधण्याच्या बाबतीत हा माणूस असा. त्याची बायको शिरीन सिलिंडर मागून मागून थकली होती. स्टोवाल्याच्या घरात गॅस पेटला तर गाव काय म्हणेल, एवढंच त्याचं उत्तर असायचं.

असा हा मजेत राहणारा गडी, पण मनात एक सल घेऊन फिरायचा. बाप गेला तेव्हा तो नुकता चालायला लागला होता. बापाचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आठवण्याचा प्रयत्न केला की डोळ्यांपुढे नुसतं फिरतं चाक आणि ठिणग्या यायच्या, माणूस यायचाच नाही. घरात फोटो एकही नव्हता, आणि त्याला कारण त्याची आई, लालबी. घरात तसबीर आली की फरिश्ते उंबऱ्यावरूनच माघारी फिरतात, असं तिला तिच्या आईने सांगितलेलं, आणि तिने ते जन्मभर पाळलेलं. मतदानाच्या ओळखपत्रासाठी सगळी गल्ली शाळेत फोटो काढायला गेली, तेव्हाही ही बाई घरात तांदूळ निवडत बसली होती.

आता तिचं वय झालं होतं, दमा वाढला होता. दुपारी ती झोपली की बाबुलाल तिच्याकडे बघत बसायचा. उद्या ही गेली की हिचाही चेहरा असाच विरून जाणार. तिचा एक तरी फोटो हवा, एवढंच त्याला वाटायचं. पण स्टुडिओत न्यायचं नाव काढलं की लालबी भिंतीकडे तोंड करायची.

शहाण्णव साली, पाऊस सरल्यावर, तो दौंडला गेला. जुन्या पितळी स्टोंचे सुटे भाग शोधायला तो अधूनमधून जायचा. दौंड रेल्वेचं गाव. जुन्या बंगल्यांतलं साहेबी सामान हातोहात फिरत शेवटी मच्छिंद्रच्या भंगारात येऊन पडायचं. त्या दिवशी स्टोच्या टाक्यांच्या ढिगात हात घातला तर एक जड चौकोनी डबा हाताला लागला. बाहेर काढून बघतो तर समोर दोन डोळे, एकावर एक. कातडं सोललेलं, कड्या गंजलेल्या, मागचं झाकण सुतळीने बांधलेलं. त्याने वरचं झाकण उघडलं, फुंकर मारली आणि आत वाकून बघितलं.

आत दौंड होतं. काड्यापेटीहून जराशी मोठी, धुरकट काच, आणि तिच्यावर केळीची गाडी, चिंचेचं झाड, सायकलवरून उतरणारा एक म्हातारा. भोवती बाजार ओरडत होताच, पण काचेतली माणसं कुणालाच घाई नसल्यासारखी चालत होती. ऊनसुद्धा तिथे मऊ झालं होतं. बाबुलाल किती वेळ तसा वाकून उभा होता कोण जाणे.

"घेतूस का नुसता बघतूस?" मच्छिंद्र म्हणाला.

"चालतो का?"

"चालत असता तर भंगारात आला असता व्हय? ने. माझी बत्ती तेवढी दुरुस्त करून दे, म्हंजी झालं."

एसटीत त्याने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि झाकण उघडून खालीच बघत राहिला. काचेवरून उसाचे फड सरकत होते, निमोण्याकडची बाभळीची झाडं सरकत होती. शेजारच्या माणसाला वाटलं, याला उलटी होतेय. त्याने बिचाऱ्याने खिडकीची जागा दिली.

शिरीनने घरी काय स्वागत केलं असेल ते सांगायला नको. "लोकं घरातलं भंगार बाहेर काढत्यात, आमच्यात उलटं," असं म्हणून तिने स्टोवरचा चहा खाली आदळला. पण त्या दिवसापासून बाबुलालचं गिऱ्हाइकाकडे लक्ष उडालं. बाजारपेठेतल्या जुन्या स्टुडिओच्या सर्जेरावआप्पांना त्याने विचारून घेतलं, की वरच्या डोळ्याने बघायचं आणि खालच्या डोळ्याने फोटो निघतो. मग एकेक स्क्रू काढून त्याने थाळीत मांडला. भिंगावरची बुरशी कापसाने पुसली. मागच्या झाकणाच्या फटीला, उजेड आत येऊ नये म्हणून, शिरीनच्या बांगड्यांच्या डबीतली काळी मखमल चिकटवली, आणि त्यावरून पुन्हा एकदा बोलणी खाल्ली. चपलेच्या कातड्याने अंग मढवलं. शेवटी खालच्या डोळ्यातली झडप, म्हणजे शटर, राहिली. ती अडकत होती. आता स्टोवाल्याला अडकलेली वस्तू दिसली की त्याचा हात जातो कुठे? तेलाच्या पिचकारीकडे. पंपाचं वॉशर कोरडं पडलं की तेल, चावी घट्ट झाली की तेल. त्याने दोन थेंब सोडले. झडप खट्‌कन उघडली, खट्‌कन मिटली. गडी खूश.

आता प्रश्न लालबीचा. पण कॅमेऱ्यानेच त्याला युक्ती दिली होती.

"अम्मा, ह्यात तुझ्याकडं कुनी बघतच न्हाई. मी खाली मान घालून डब्यात बघनार. तू तुझं बस. आन् फोटो मी भिंतीला लावनार न्हाई. पेटीत ठिवीन, कुरानाच्या खोलीत बी नेनार न्हाई."

"मग काढतूस कशाला?"

तू मरशील म्हणून, असं आईला कसं सांगायचं? तो नुसता तिच्या पायांशी बसून राहिला. लालबीला काय उमगलं ते तिचं तिला ठाऊक, पण शुक्रवारी तिने धुवट पांढरी ओढणी घेतली आणि दारातल्या खुर्चीवर येऊन बसली. बाबुलालने मान खाली घालून आठ-दहा फोटो काढले.

दोन दिवसांनी सर्जेरावआप्पांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली. डांबरासारखी काळी.

"झडप मिटलीच न्हाई, बाबुलाल. उघडीच राह्यली, उजेडानं समदी फिल्म काळी पडली. तेल घातलंस का काय हिला?"

"दोनच थेंब, आप्पा."

"अरं, ही कोरडी लागती! तेल पसरतं आन् पाती एकमेकांस्नी चिकटून बसत्यात. तू आपलं स्टोला तेल घाल बाबा."

लालबीला कळलं तेव्हा ती रागावली नाही, तेच वाईट झालं. "बघ," ती शांतपणे म्हणाली, "अल्लाला मंजूर न्हाई." आणि पांढरी ओढणी घडी करून पेटीत गेली. बाबुलाल त्या दिवशी जेवला नाही. जन्मात एकदा ती बसली होती आणि त्याच्या सवयीच्या दोन थेंबांनी ते बुडवलं. त्याने झडप पुन्हा खोलली, पाती पेट्रोलने धुतली, कोरड्या फडक्याने पुसली, आणि ती आपोआप उघडमीट करायला लागेपर्यंत पुसतच राहिला. पण आता आईला विचारायची त्याच्यात धमक नव्हती.

एका दुपारी तो अंगणात कॅमेरा घेऊन बसला होता. लालबी नमाज उरकून बाहेर आली.

"काय बघतूस सारखं त्यात?"

त्याने कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला. तिने खाली बघितलं. काचेत अंगणातला लिंब होता, दोरीवरचे कपडे होते, आणि शेजारच्यांची शेळी डावीकडून उजवीकडे चालली होती. लालबीने मान वर केली. खरी शेळी उजवीकडून डावीकडे चालली होती.

"या अल्ला! ही शेळी दोन्हीकडं कशी जातीया?"

"काचेत उलटं दिसतं, अम्मा. डावं ते उजवं. आरशावानी."

लालबी खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी तो आवाज घरात आला. "ही काय तसबीर न्हाई," तिने स्वतःच निकाल दिला, "ही हालतीया. जित्ती हाय." झालं. तेव्हापासून दुपारची नमाज झाली की कॅमेरा तिच्या मांडीवर. दम लागायचा म्हणून तिचं बाहेर जाणं बंद झालेलं, आता बोळ तिच्याकडे यायला लागला. भाजीवाला, शाळेतून येणाऱ्या पोरी, वाळत घातलेल्या शेवया, सगळं त्या एवढ्याशा काचेत तरंगत जायचं. कधी तिची मान तशीच खाली राहून डोळा लागायचा आणि काचेवर संध्याकाळ उतरायची. शिरीन मग हळूच झाकण मिटून ठेवायची. तिने कॅमेऱ्याला भंगार म्हणायचं केव्हाच सोडलं होतं.

थंडीत दमा उसळला. डॉक्टरांनी बाबुलालला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. त्याने नवी फिल्म घातली. मन घट्ट केलं आणि आईपुढे जाऊन उभा राहिला. लालबीने त्याच्या हातातला कॅमेरा बघितला.

"आण इकडं," ती म्हणाली. "आन् तू बस त्या खुर्चीवर. शेळ्या लई बघितल्या. आता तुला बघू दे."

त्याने झडपेची कळ ताणून ठेवली, कॅमेरा तिच्या मांडीवर दिला आणि समोर बसला. "बाजूचं चाक फिरव, अम्मा. मी चांगला दिसेस्तोवर."

लालबीने चाक फिरवलं. थोडं पुढे, थोडं मागे. शाळेतल्या मास्तरणीसारखा तिचा तो गंभीर चेहरा बघून बाबुलालला हसू आलं. आणि तिचा हात थांबला. बोळातून कुणाची तरी सायकल गेली, ऊन लिंबाच्या पानांतून तिच्या हातांवर हललं, तरी ती खालीच बघत होती. बाबुलालला वाटलं, दम लागला.

"अम्मा?"

"हालू नगंस," ती अगदी हळू म्हणाली. "तुझा बाप आलाय."

बाबुलालने हसू तसंच धरून ठेवलं.

"हसला की त्याचं तोंड उजवीकडं वढायचं. तुझं डावीकडं वढतं. म्हनून इतकी वर्सं मला चकवा बसला बघ. ह्यात सरळ झालंय. त्योच हाय, बाबू. तसाच बसलाय." तिने काचेवरून हलकेच बोट फिरवलं. "काय दाबायचं?"

त्याने सांगितलं. झडप खट्‌कन वाजली, तिच्या बोटाखाली, कोरडी आणि स्वच्छ.

"आता तुझा काढू, अम्मा? एकच?"

लालबीने झाकण मिटलं आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. "नगं. मला बघायचं व्हतं ते बघून झालं."

रमजानच्या आधी ती गेली. बाबुलालने कॅमेरा फळीवर ठेवला, त्यातली फिल्म काढायचंही त्याला सुचलं नाही. चाळिसाव्या दिवसाची फातिहा पढून झाल्यावर घर रिकामं झालं, आणि एका सकाळी तोंड धुताना त्याच्या लक्षात आलं की आईच्या कपाळावरची आठी उभी होती की आडवी, हे आताच नीट आठवत नाही. तो तिथेच, मोरीवर बसून रडला. मग फिल्म घेऊन सर्जेरावआप्पांकडे गेला.

फिल्मवर तो एकटाच होता. खुर्चीवर बसलेला, लिंबाखाली, तोंड डावीकडे ओढून हसणारा स्टोवाला.

"झकास आलायस गड्या," सर्जेरावआप्पा म्हणाले. बाबुलालला ते शब्द लागले. आईचा चेहरा हवा होता, आणि हातात आला हा आपलाच. तो जायला उठला. दाराशी पोचला आणि थांबला.

"आप्पा, फिल्म उलटी घालून छापता येती?"

"येती की. पन डावं उजवं हुईल."

"व्हय," बाबुलाल म्हणाला. "तसंच पाहिजे."

आप्पांनी त्याला आत, लाल दिव्याच्या खोलीत घेतलं. औषध घातलेल्या पाण्याच्या थाळीत कोरा कागद सोडला आणि हलवत राहिले. आधी लिंबाची सावली आली. मग खुर्चीचा हात. मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी हसू, उजवीकडे ओढलेलं. बाबुलालने थाळीची कड धरली. आरशापुढे तो कधी असा हसला नव्हता, म्हणून हा माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता, आणि तरी पाण्यातून वर बघत तो असा हसत होता की त्याला कधी भेटलोच नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"अब्बा," तो म्हणाला. सर्जेरावआप्पांनी ऐकलं, पण ते भले माणूस, कागद हलवत राहिले.

आईचा शब्द मोडायचा नव्हता, म्हणून फोटो घरात आला नाही. पण दुकानाला उंबरा वेगळा, असं शिरीननेच ठरवलं आणि खिळाही तिनेच ठोकला. गिऱ्हाइकं यायची, बघायची आणि म्हणायची, काय राव, स्वतःचाच फोटो लावलाय! बाबुलाल नुसता मान हलवायचा. समजावून सांगण्यासारखं ते नव्हतं.

मग एका बाजाराच्या दिवशी निमोण्याची सरूबाई आली. ऐंशीच्या घरातली म्हातारी, हातात गळका स्टो. तिने स्टो खाली ठेवला, डोळ्यांवर हात धरून भिंतीकडे बघितलं आणि तिथेच उभी राहिली.

"अगं बया! ह्यो तर कासम शिकलगार. माझ्या समद्या इळ्यांना ह्योच धार लावायचा. जाऊन किती वर्सं झाली त्याला! ह्यो फोटू कुनी काढला रं, लेकरा?"

"अम्मानं," बाबुलाल म्हणाला.

सरूबाई फोटोच्या आणखी जवळ गेली. "आन् इतकं ग्वाड हसतूय कुनाकडं बघून?"

बाबुलालने तिचा स्टो उचलून मांडीवर घेतला. त्याचे डोळे भरून आले होते.

"अम्माकडंच," तो म्हणाला.