शिष्यवृत्तीवाले भाऊजी

सोलापुरात कुणाच्या घरातली मुलगी यंदा मॅट्रिकला बसणार आहे, हे तिच्या आईबापांच्या आधी एका माणसाला ठाऊक असे, आणि तो माणूस आमच्या घरातला होता. बाळांनो, तुमच्या आजोबांचे हे आतेभाऊ. नात्याने माझे दीर, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणे. माझं ऐकून आमची सगळी शाळा त्यांना भाऊजी म्हणू लागली, अगदी घंटा देणारा शिपाईसुद्धा. होटगीच्या स्टेशनावर त्यांनी आयुष्यभर पार्सलं चढवली आणि उतरवली. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त होऊन सोलापुरात आले तेव्हा त्यांची अशी ठाम समजूत झाली होती की, वर पत्ता नीट लिहिला आणि शिक्के वेळेवर मारले, तर पार्सलासारखी मुलगीसुद्धा कॉलेजात सुखरूप पोचते. फक्त कुणीतरी मागे लागलं पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे भाऊजी, आणि भाऊजींच्या मागे फरपटत जाणारी मी.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. दुष्काळ नुकताच सरला होता. वर्ग गच्च भरलेले असत, घरी वह्यांचे गठ्ठे यायचे, तुमची आई आणि मामा शाळेत होते, नळाला पाणी यायचं ते त्याच्या मर्जीने. संध्याकाळी मी पाटावर टेकते न टेकते तोच फाटकाची कडी वाजे. "काय करूलालाव वैनी? दमलाव का? मग बसल्या बसल्या एवढा अर्ज लिहा की." करूलालाव म्हणजे करताय, ही आमची सोलापुरी बोली. दमलेल्या माणसाला विश्रांती म्हणून अर्ज लिहायला देणारा दुसरा कुणी मला भेटलेला नाही. सरकारी शिष्यवृत्त्यांचे, फीमाफीचे, निरनिराळ्या धर्मादाय संस्थांचे असे अर्ज त्या काळी बरेचसे इंग्रजीत असत. आणि इंग्रजी लिहिण्यासाठी लागणारी ताकद ही माणसाच्या अंगात नसून पेनात असते, असं भाऊजींचं मत होतं. म्हणून ते दर वेळी शाई भरून पेन घेऊन येत.

वर्तमानपत्र आमच्या घरी यायचं, पण ते आधी भाऊजी वाचायचे. म्हणजे बातम्या नाहीत, फक्त जाहीर सूचना. शिष्यवृत्तीची सूचना दिसली की कात्री. तुम्हाला माहीत आहे, मला घडी मोडलेलं वर्तमानपत्रसुद्धा चालत नाही. मला मिळायचं ते खिडक्या पाडलेलं. एका बातमीत मंत्री भाषणाला उभे राहिले आणि त्यांच्या जागी मला पलीकडच्या पानावरची पंख्याची जाहिरात दिसली. मी कुरकुर केली तर म्हणाले, "मंत्री उद्या परत बोलतील की वैनी. शिष्यवृत्तीची मुदत परत येत नसती."

अर्जाला फोटो लागे. मुलींना रांगेने फोटोवाल्याकडे न्यायचं काम भाऊजींनी स्वतःकडे घेतलं होतं. बिचाऱ्या मुली, कित्येकींचा तो जन्मातला पहिला फोटो. वेणीत अबोली माळून, पावडर लावून यायच्या. भाऊजी आधी अबोली काढायला लावत, मग पावडर पुसायला लावत, आणि फोटोवाल्याने "जरा हसा" म्हटलं की मध्ये उडी घेत. "हसू नको गं! सरकारला वाटंल तुमचं बरं चाललंय." त्यामुळे त्या वर्षांतल्या आमच्या मुली फोटोत अशा दिसतात की, नुकतीच कुणी कानाखाली दिली असावी.

तेव्हा झेरॉक्स नव्हतं. गुणपत्रिकेची हाताने नक्कल करायची आणि ती खरी आहे अशी राजपत्रित अधिकाऱ्याची सही त्यावर घ्यायची. राजपत्रित म्हणजे वरच्या दर्जाचा सरकारी अधिकारी. भाऊजींच्या लेखी सगळ्या मानवजातीचे दोनच भाग होते, राजपत्रित आणि इतर. देखणा, हुशार, दानशूर असे गुण नंतर. हे अधिकारी कचेरीत सापडत नाहीत, पण जेवायला सापडतात, हा त्यांचा अनुभव. म्हणून ओळख असो वा नसो, ते लग्नाला जात. बार्शीला एका लग्नात गुरांचे सरकारी डॉक्टर पंगतीला बसले होते. भाऊजी वाढप्याच्या मागून मठ्ठ्याच्या पातेल्यासारखे पुढे सरकत गेले आणि त्यांच्या पानासमोर नक्कल धरली. डॉक्टर म्हणाले, "अहो, मूळ प्रत कुठाय? ती बघितल्याशिवाय कशी सही करू?" भाऊजी म्हणाले, "मूळ मुलगीच आणलीय की. ती काय, भात वाढायलीय. विचारा तिला बीजगणितात किती पडले." डॉक्टरांनी विचारलं, मुलीने भाताचा डाव हातात धरून गुण सांगितले, आणि डॉक्टरांनी डाव्या हाताने सही केली. ती सही पुढे मान्य झाली. जिलबीच्या पाकासकट.

मात्र भाऊजी चुकत नसत असं समजू नका. ते खूप चुकत. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेची खलाशांच्या मुलांसाठी मदत आहे असं त्यांनी वाचलं आणि भीमेवर होडी चालवणाऱ्या एका माणसाच्या मुलीचा अर्ज मला लिहायला लावला. मी म्हटलं, "भाऊजी, खलाशी म्हणजे समुद्रावरचे." ते म्हणाले, "भीमा कुठं जाती? समुद्रालाच की." संस्थेने नकार कळवला. भाऊजींनी पुन्हा लिहायला लावलं. पुन्हा नकार आला. शेवटी कंटाळून संस्थेने जहाजाचं चित्र असलेलं कॅलेंडर पाठवून दिलं. ते त्या होडीवाल्याच्या घरी कित्येक वर्षं होतं. मुलीला शिष्यवृत्ती काही मिळाली नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता, त्यापायीच सगळं रामायण घडलं. कमी उत्पन्नाचा दाखला मिळण्याआधी मामलेदार कचेरीतून कुणीतरी घरी चौकशीला येई. भाऊजी ही गोष्ट घरच्यांना मुद्दाम सांगत नसत. एकदा सांगून ते पस्तावले होते. साहेब येणार म्हणून त्या घरच्या बाईने शेजारणींची चांदीची भांडी मागून आणून मांडली, रेडिओ आणून लावला, आणि दाखला गेला. तेव्हापासून भाऊजींचं एकच पालुपद, "गरिबाला आधी सांगितलं की तो श्रीमंत होऊन बसतो. अचानक गाठलं पायजे."

नागमणी माझ्या वर्गातली मुलगी. शहराच्या पूर्व भागात राहायची, घरी तेलुगू बोलायचे. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. मुलगी गणितात अशी की तिची वही तपासताना माझ्या शेजारी बसणाऱ्या गणिताच्या बाई खुशीत गुणगुणायच्या. शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज, नाहीतर आईच्या शेजारी बसून विड्या आणि पुढच्या लगीनसराईत लग्न, हे ठरलेलं होतं. अर्ज मी लिहिला, सह्या झाल्या, फक्त दाखला राहिला. भाऊजींनी घरी सांगितलं नाही, आणि मुलीलाही गप्प राहायला बजावलं.

एका दुपारी कचेरीतले कारकून त्या गल्लीत गेले. चांगले वयस्क, धुवट टोपी, हातात छत्री. नागमणीच्या वडिलांना त्यांनी विचारलं, घरात माणसं किती, मुली किती, मोठी काय शिकते, घर कुणाचं, माग किती. आता तुम्हीच सांगा, लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या घरी छत्री घेऊन अनोळखी गृहस्थ येतात आणि एवढंच विचारतात, तर बापाला काय वाटेल? त्या गल्लीत स्थळं अशीच येत. आईने पटकन मुलीला शेजारच्या खोलीत ढकललं, साडी नेसवली. उप्पीट झालं, केळी आली. नागमणी ताट घेऊन बाहेर आली आणि पाया पडली. तिला सगळं समजत होतं, पण बापापुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

"माग किती म्हणालात?" कारकुनांनी उप्पीट खात विचारलं.

"चार हायत की."

"स्वतःचे?"

"मग कुणाचे? घर बी आपलंच. पोरीला काय कमी पडू द्यायचो न्हाय आमी."

कारकुनांनी मुलीला तोंडभरून आशीर्वाद दिला आणि कचेरीत जाऊन लिहिलं, कुटुंब सुखवस्तू, दाखला देण्याचं कारण नाही. नागमणीच्या आईने तोवर सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं की, मोठ्या घरचं स्थळ येऊन गेलं.

दोन्ही गोष्टी भाऊजींना एकदमच कळल्या. ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरला होता. "अय्यो शिवने," एवढंच म्हणाले. घरात कानडी बोलू लागले की मी ओळखायचे, प्रकरण गंभीर आहे. मुदत संपत आली होती. वह्या तशाच ठेवून मी त्यांच्याबरोबर निघाले. खरं सांगते, मला तेव्हा फक्त झोप हवी होती.

नागमणीच्या वडिलांना आलेला माणूस कोण होता हे आम्ही सांगितलं. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मग ते म्हणाले, "काका, मला आधी का न्हाय सांगितलं?"

भाऊजी माझ्याकडे बघू लागले. मीच म्हटलं, "आता उद्या कचेरीत जाऊन खरं सांगायचं. मामलेदार ऐकतील."

"काय सांगू बाई? माझा एक बी माग न्हाय म्हणून सांगू? तितं आमच्याच गल्लीतली दहा माणसं रांगेत असत्यात. परवा बायकोनं सगळ्यांना पेढे वाटलेत. उद्या खरंच कुणी स्थळ आलं तर ह्येच लोक सांगणार, बाप खोटारडा हाय."

तेही खरंच होतं. भाऊजी, जे मंत्र्याला थांबवून सही मागतील, ते मान खाली घालून चटईच्या काड्या मोडत होते. तेव्हा दाराशी उभी असलेली नागमणी तेलुगूत काहीतरी बोलली. दोनतीनच वाक्यं. मला कळली नाहीत, भाऊजींनाही नाहीत. बापाने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कचेरी कवा उगडती?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत खरोखरच गर्दी होती. मामलेदार कागद चाळत म्हणाले, "इथं तर चार माग लिहिलेत."

"एक बी न्हाय साहेब. दुसऱ्याच्या मागावर मजुरी करतो. घर भाड्याचं हाय. बायको विड्या वळती." आवाज मोठा होता. पुटपुटला असता तरी चाललं असतं, पण तो माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

ते कारकून शेजारीच होते. ते चिडून म्हणाले, "मग मला तसं का सांगितलंत? आणि उप्पीट कशाला खाऊ घातलंत?"

"तुमी व्याही वाटला की साहेब."

सगळी कचेरी हसली. रांगेतली माणसं हसली, मामलेदार हसले, शेवटी ते कारकूनही हसले. दाखला तिथल्या तिथे मिळाला. फक्त भाऊजी हसले नाहीत.

उन्हातून परत येताना ते म्हणाले, "वैनी, पोरीला शिकवायचं तर बापानं चारचौघांत उभं राहून म्हणायचं, माझ्याकडं काही न्हाय. इतकी वर्षं मी हेच म्हणायला लावत होतो का हो लोकांना?" मी म्हटलं, "भाऊजी, नियम तुम्ही केला नाही." ते म्हणाले, "न्हाय. पण तो घेऊन पळत मीच होतो."

गल्लीच्या तोंडाशी नागमणीचे वडील आमच्यासाठी थांबले होते. हात जोडून भाऊजींना म्हणाले, "काका, माझी धाकटी पोरगी आठवीत हाय. तिच्या टायमाला मला आधी येऊन सांगा. मी खरं बोलंन. पण आधी सांगा." भाऊजींनी मान हलवली.

नागमणीला शिष्यवृत्ती मिळाली, ती कॉलेजात गेली. भाऊजींचं काम सुरूच राहिलं, पण आता ते प्रत्येक घरी आधी जाऊन बसत, सगळं समजावून सांगत. त्यात फार वेळ जाई. ते पूर्वीपेक्षा कमी मुलींना पुरे पडत आणि जास्त दमत. एका दिवाळीनंतर तापाचं निमित्त होऊन ते गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला कितीतरी मुली आल्या. मी त्यांतल्या बऱ्याच जणींना ओळखलंच नाही, त्या रडताना वेगळ्या दिसत होत्या.

नागमणीची धाकटी बहीण मॅट्रिकला आली तेव्हा मीच गेले. निवृत्तीला आले होते, गुडघे दुखत होते, आणि जायला दुसरं कुणी नव्हतं. नागमणीचे वडील दारातच भेटले. मला बसवलं, आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिले. आतून बायकोने चहाचे दोन कप आणले.

"काका मागनं येऊलालेत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. ते खाली बसले. बायको कप हातात घेऊन तशीच उभी राहिली, एक परत न्यावा की ठेवावा हे तिला समजेना.

"ठेव की," ते म्हणाले. "दोन्ही ठेव."

मी त्यांना सगळं आधी सांगितलं. कोण येईल, काय विचारेल, काय लिहील. ते मध्येमध्ये "व्हय" म्हणत राहिले. मग मी एक कप संपवला, आणि थोड्या वेळाने, निवत आलेला दुसराही.