आईचा हात आणि जंतूंचं विरजण

आई सिहोऱ्याची. कुणाशी बोलायचं तर आधी त्याचा हात हातात घ्यायचा, हा तिचा शिरस्ता. त्याच उजव्या हातावर धान उकडताना उकळत्या पाण्याने भरलेला गंज कलंडला आणि ती भंडाऱ्याला, भाजलेल्यांच्या वॉर्डात दाखल झाली. मी त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. म्हणजे आईच्या जखमेतले जंतू वाढवायचं काम लेकीच्याच नशिबी आलं!

चपट्या बशीत जंतू पसरायचे आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडणारं असलं की टिकलीभोवती स्वच्छ रिंगण उठतं. दुसऱ्या सकाळी बघते तर जंतू टिकल्यांना बिलगून खुशाल बसलेले. जंतू हटले नाहीत तर जखमेवर लावायची नवी कातडी धरणार नाही, बोटं वाकडीच राहतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका टिकलीभोवती मात्र रिंगण होतं. आता सगळी भिस्त त्या एका औषधावर.

ही बातमी घेऊन वॉर्डात गेले, तर आई शेजारणीच्या खाटेवर बसून डाव्या हाताने तिला संत्र्याच्या फोडी भरवतेय. माझा पारा चढला.

“आई, ऊठ आधी! तुझे जंतू तिला देशील. औषध पचवायची युक्ती असते त्यांच्याकडे. ती त्यांच्या जनुकात असते. आणि ते जनुक जंतू दुसऱ्या जंतूंनाही देऊन टाकतात.”

“फुकट?”

“फुकट.”

“म्हंजे आपल्या विरजनावानी! मंग त लय चांगले शेजारी हायेत वं!”

अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले, काय करणार! पण आईने हातातली फोड खाली ठेवली.

“अन् हे उरलेलं औषध बी पचवाले शिकले त?”

आई उठून आपल्या खाटेवर गेली. पुढे गावाकडून गाडीभर माणसं भेटायला आली, तर तिने त्यांना दारातच अडवलं. “आंधी हात धुवा! अन् खाटेले हात नोका लावू!” माणसं बिचारी लांबूनच हात जोडून परतली. मला तिची बोटं धरावीशी फार वाटायची. मीही धरली नाहीत.

औषध लागू पडलं. कातडी धरली. पट्टी सुटली तेव्हा बोटं गुलाबी, थोडी आखडलेली, पण हलत होती. मी हात पुढे केला.

“हात धुतले काय?”

“धुतले.”

“साबनानं?”

“साबणाने गं, आई!”

मग तिने उजव्या हाताने माझा हात घट्ट धरला, आणि बोलायला सुरुवात केली. ती काय बोलली ते मला आठवत नाही. मी रडत होते.