राजीनाम्याचं कारण

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी तपासणी विभागाची कागदपत्रं सांभाळायचे. चंदगडकडचे एक मामा तिथे साच्यातून निघालेले ओतीव नग तपासत. प्रत्येक नगावर हातोडीने हलकेच ठोकायचे आणि कान द्यायचे. आवाज बद्द आला, तर आत चीर आहे म्हणून लाल रंगाची फुली मारायचे. बारा वर्षांत त्यांची फुली कुणी पुसली नव्हती.

एका दुपारी माल कमी पडला आणि ट्रक खोळंबला. मॅनेजरने हेल्परांना थिनरने फुल्या पुसायला सांगितलं.

"साहेब, ब्रेकचा पार्ट हाय ह्यो," मामा म्हणाले.

"मामा, गिऱ्हाईक घेतंय की! तुमच्याच पोटात का दुखतंय?"

"गाडीत बसणाऱ्याला इचारलंय व्हय?"

हेल्पर हसले, पण फुल्या पुसल्याच. ट्रक गेला. मामांनी राजीनामा लिहिला आणि त्यात घडलं ते सगळं लिहिलं. मॅनेजरने तो फाडला आणि माझ्यापुढे राजीनाम्याचा छापील फॉर्म सरकवला.

"कारण घरगुती, असं लिही."

कामगार संघटनेची पत्रकं वाटत मी वाढले. गप्प बसणाराही गुन्हेगारच, असं मंगळवार पेठेतल्या सभेत मीच ओरडून सांगितलेलं. तरी मी लिहिलं, तेही सुवाच्य अक्षरात.

मामांनी सहीआधी ते वाचलं. "पोरी, माझ्या घरात काय झालंय गं?"

 ते सही न करताच निघून गेले. मी फॉर्म फाईलला लावला. त्याखाली मोल्डिंगला साचे भरणाऱ्या दोघांचे आणि एका लेथवाल्याचे फॉर्म होते. त्यांचीही कारणं घरगुतीच होती, माझ्याच अक्षरात.