मामाजींनी पसंत केलेली गल्ली

मोहल्ला पारखण्यात माझ्या सासऱ्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही. हे मी जावई म्हणून सांगत नाही. सतरा दिवस भर उन्हात त्यांच्या मागे वणवण केली आहे, त्या हक्काने सांगतो. बाकीचे लोक घर बघतात. छत गळतं का, चूल कुठे मांडायची, भाडं किती, संपलं. मामाजी (आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात) घराच्या उंबऱ्यावर पाऊलसुद्धा ठेवत नसत. "घराले काय पाहाचं, मास्तर? घर गपचूप बसून राह्यते. पाहाचा थो शेजार," असं म्हणून ते गल्लीच्या तोंडाशी उकिडवे बसत, दुपट्ट्याने घाम पुसत आणि दोन-दोन तास तिथून हलत नसत. मी बाजूला ताटकळत उभा. येणारे-जाणारे आम्हाला जप्तीची माणसं समजत.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. दारव्ह्याच्या पलीकडच्या आमच्या खेड्यातून मला यवतमाळच्या एका शाळेत नोकरी मिळाली होती. बायकोला सातवा महिना, थोरली मुलगी तीन वर्षांची. शाळा उघडायच्या आत कुठेतरी खोली घेऊन त्यांना आणायचं होतं. मी एकटा गेलो असतो तर दोन दिवसांत काम उरकलं असतं, पण मामाजी अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीत माझ्या आधी जाऊन बसले होते. "लेकरं राह्यनार हायेत. तुमी शिकेल-सवरेल मानसं, तुमाले शेजारातलं काय समजते?" एवढं बोलून त्यांनी शेंगांची पुरचुंडी सोडली आणि विषय संपवला.

त्यांच्या परीक्षा अजब होत्या. मोहल्ला बघायचा तर भर दुपारी बघायचा, कारण सकाळ-संध्याकाळ पुरुष घरी असतात आणि पुरुष घरी असले की मोहल्ला नाटक करतो, हे त्यांचं पक्कं मत. गल्लीच्या मधोमध कुत्रा झोपलेला असला तर ते खूश. आपल्याला बघून तो उठला नाही तर आणखी खूश, कारण त्या गल्लीतली पोरं दगड मारत नाहीत आणि गाडीवाले बैल दामटत नाहीत. बाया विहिरीवर मोठ्याने भांडत असल्या तर मामाजींचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा फुलायचा. एका स्वच्छ, शांत, कडुनिंबाच्या सावलीच्या गल्लीतून त्यांनी मला दंड धरून बाहेर काढलं. म्हणाले, "चाला लवकर. दोन घंटे झाले, एक बाई बोलली नाई. हे लोक मनात ठेवतेत." वाटेतल्या पोरांना थांबवून ते विचारत, "काहून रे, तुमच्या इकडं भूत कुठं राह्यते?" पोरांनी चिंच दाखवली, पडकी भिंत दाखवली की दुपट्ट्याला एक गाठ. पोरं नुसती बावचळून बघत राहिली की तो मोहल्ला बाद. "भूत नाई म्हणजे गोष्टी सांगनारी म्हातारी नाई. अन् म्हातारी नाई तं लेकराकडं दिवसभर पाहीन कोन?" मी बी.ए. झालेला माणूस, पुढल्या गल्लीत भूत शोधायला निघालो.

गाठींचा घोटाळा वेगळाच. मामाजींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून चांगली खूण दिसली की दुपट्ट्याला गाठ मारायची. संध्याकाळी, जिथे उतरलो होतो त्या माझ्या मित्राच्या खोलीवर परतलो की दुपट्ट्याला अकरा गाठी आणि त्यातली कोणती कुत्र्याची, कोणती भांडणाची, कोणती भुताची, हे काही केल्या आठवायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गल्ल्या. एकदा तर दारुडा घरी कसा जातो ते बघायला म्हणून ते एका झिंगलेल्या माणसाच्या मागोमाग निघाले. तो माणूस चार पावलांवर वळला आणि ह्यांच्याच गळ्यात पडून रडू लागला. मामाजींनी त्याला खांद्यावर घेऊन घरी पोचवलं, त्याच्या वाट्याच्या बायकोच्या शिव्या आपण खाल्ल्या आणि बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाले, "मोहल्ला बरा हाये. दाराले कडी लावली नोती तिनं."

मी चिडायचो. खूप चिडायचो. पण त्यांना तोडून बोलता येत नसे, कारण या वेडामागे काय आहे ते मला माहीत होतं. तरुणपणी ते राजूरच्या बाजूला कुठल्याशा खाणीवर मजुरीला होते. नवराबायको दोघंही कामावर, चाळीतले सगळेच कामावर, आणि पाच वर्षांचा मुलगा मागच्या पाणी भरलेल्या जुन्या खदानीकडे खेळत गेला. दुपारभर कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच्यानंतर झालेली एकुलती मुलगी म्हणजे माझी बायको. मामाजी तो विषय कधी काढत नसत. एकदाच, माझ्या अंगावर ओरडता ओरडता, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एक मानूस, मास्तर! एक मानूस पाह्यत असता तं!"

खरी अडचण त्यांच्या परीक्षांची नव्हतीच. छप्पन साली आम्ही दोघंही नागपूरला गेलो होतो, एकाच मैदानावर शेजारी उभं राहून दीक्षा घेऊन आलो होतो. मी परत आलो तो जरा जपून वागू लागलो. मामाजी परत आले ते उंच होऊन आले. त्या दिवसापासून समोर दिसेल त्याला खणखणीत "जय भीम". पोस्टमनला जय भीम, शिपायाला जय भीम. गाडीत तिकीट विचारायला आलेल्या माणसालाही आधी जय भीम आणि मग तिकीट. गोठ्यातल्या बैलाशीसुद्धा ते दिवसाची सुरुवात तशीच करत. तेव्हा खोली विचारायला म्हणून एखाद्या दारात उभं राहिलं की मी तोंड उघडायच्या आत ते उघडत. आतल्या माणसाचं हसू जागच्या जागी थिजायचं. "अरेरे, खोली कालच दिली हो." अशा पाच खोल्या 'काल' दिल्या गेल्या. पाचही मोहल्ले मामाजींच्या सगळ्या परीक्षा पास झालेले. परतताना ते खाली बघत चालत, दुपट्ट्याच्या गाठी एकेक करून सोडत आणि थोड्या वेळाने म्हणत, "तसा बी तिथला कुत्रा लंगडत होता. मले नाईच आवडला." कुत्रा लंगडत नव्हता. मी पाहिला होता.

सतराव्या दिवशी त्यांना ती गल्ली सापडली. रुंदीला बेताची, टोकाला शाळा, मधोमध कुत्रा पसरलेला, विहिरीवर दोन बाया एकमेकींचा उद्धार करताहेत, आणि भुतं एक नाही, तीन. एका विधवा काकूंच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. काकू ओट्यावर बसून सबंध गल्लीच्या पोरांवर ओरडत होत्या. मामाजी लांबून त्यांच्याकडे इतक्या भक्तिभावाने बघत होते की मलाच अवघडल्यासारखं झालं. "मास्तर, हेच. आता तुमीच जा, बोला. मले घाम सुटला," असं म्हणून ते रस्त्यापलीकडे जाऊन बसले. मी गेलो. काकूंनी विचारलं, काय करता? मास्तर. माणसं किती? मांस-मच्छी? नाही म्हणालो. आडनाव विचारलं. माझं आडनाव असं आहे की त्यावरून कोणाला काही उमगत नाही. काकूंना जे वाटायचं ते वाटलं, आणि मी ते वाटू दिलं.

बाहेर येऊन मी सांगितलं, खोली मिळाली. मामाजींनी आधी दोन्ही हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. मग विचारलं, "सांगतलं ना, आपन कोन?"

"त्यांनी विचारलं नाही."

ते दुपट्ट्याच्या गाठी चाचपत गल्लीकडे बघू लागले. मी भांडायच्या तयारीत होतो. आठवा महिना लागतो आहे, शाळा आठ दिवसांवर आहे, तुमचीच मुलगी आहे, सगळं ओठांवर आणून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य बोलायची पाळी आली नाही. "बरोबर हाये," ते म्हणाले, "लेकरं तिथंच राह्यली पाह्यजेत. पन माह्या तोंडात हे राहत नाई, मास्तर. मी आलो का जय भीम निंगतेच. मंग मी येत नाई." मी 'असं कसं, मामाजी' म्हणायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

चार वर्षं आम्ही त्या गल्लीत राहिलो आणि मामाजींची पारख एका इंचानेही चुकली नव्हती. धाकटीला पहिलं न्हाऊ काकूंनी घातलं. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू त्यांनी वळले. थोरली एकदा विहिरीच्या काठावर चढली तर तीन घरांतून तीन बाया धावल्या आणि तिघींनी तिला मारलं. मामाजी महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, छोट्या गाडीने येत आणि स्टेशनाबाहेर चिंचेखाली बसत. ही मुलींना घेऊन तिथे जायची. बोरं, टेंभरं, तुरीच्या शेंगा, काय काय आणलेलं असायचं. नातींना खायला घालताना ते बारीकसारीक चौकशी करत. थो कुत्रा हाये का? बाया भांडतेत ना बराबर? विहिरीच्या तीन बायांची हकिकत त्यांनी हिच्याकडून चार वेळा सांगून घेतली आणि चारही वेळा डोळे पुसले. "पाह्य! म्हणलं नोतं मी?" मग गाडीची वेळ झाली की उठत. गल्ली तिथून दहा मिनिटांवर होती.

घरी आल्यावर काकू थोरलीला विचारत, "कोणाकडे गेली होतीस गं? बोरं कोणी दिली?" आम्ही तिला शिकवून ठेवलं होतं. ती पटकन सांगायची, "गावाकडच्या बोरवाल्या आबांनी." इतक्या सफाईने सांगायची की पुढे पुढे मला वाटू लागलं, तिला ते खरंच वाटत असावं. ही एकदा म्हणाली होती, "तुमी एक डाव बाबाले घरी तं आना. जे होईन थे होईन." मी म्हणालो, बघू. पुढल्या वर्षी बघू.

बासष्टच्या हिवाळ्यात गावाकडून हिचा चुलतभाऊ सकाळच्या गाडीने आला. अंगणातच त्याने मला हळूच सांगितलं. मामाजी आदल्या दिवशी दुपारी शेतातून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. काकू ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होत्या. आमची तोंडं बघून त्यांनी हात थांबवला. "काय हो मास्तर? कोण गेलं?"

मी म्हणालो, "गावाकडचे एक ओळखीचे."

त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. समोर कोणी तलवार घेऊन उभं नव्हतं. नुसती एक म्हातारी सूप घेऊन बसली होती आणि माझ्या तोंडून हे निघालं. दारात ही उभी होती. तिने ते ऐकलं होतं. ती रडत नव्हती. ओट्यापर्यंत आली आणि म्हणाली, "ओळखीचे नाई, काकू. माहा बाप गेला. थे बोरवाले आबा माहे बाप होत. आमी बौद्ध आहो. माह्या बापानं तुमची गल्ली पसंत केली अन् त्यालेच या गल्लीत येता आलं नाई." तिचा आवाज एवढा मोठा होता की विहिरीवरचं भांडण थांबलं.

"चार वर्षं माझ्या घरात..." काकू एवढंच म्हणाल्या. सूप उचलून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

गावाकडचं सगळं आटोपून आम्ही परत आलो त्या दिवशी काकूंचा पुतण्या निरोप घेऊन आला. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा. सामान हातगाडीवर चढवत होतो तेव्हा धाकटी जाऊन काकूंच्या दारावर थापा मारू लागली, "आजी, आम्ही चाललो, आजी!" आतून खोकल्याचा आवाज आला. दार उघडलं नाही. मला त्या बाईचा राग येतो, आणि तोही धड येत नाही, कारण त्याच धाकटीला तिने मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं होतं.

नवीन जागा मिळाली ती यवतमाळच्याच टोकाला, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे. आपल्याच लोकांची पाच-सहा घरं, बाकी सगळं मोकळं. रस्त्यावर दिवसभर कापसाच्या गाड्यांची घडघड, विहीर दूर, शाळा त्याहून दूर. मी खोली बघायला गेलो आणि अर्ध्या तासात ठरवून आलो. पहिल्या दिवशी सामान लावून झाल्यावर ही झाडू घेऊन ओटा झाडत होती. झाडता झाडता मध्येच थांबली, दोन्ही बाजूंनी रस्ता बघितला आणि किंचित हसली.

"बाबाले हा मोहल्ला बिलकुल पसंत पडला नसता," ती म्हणाली.

मी मान हलवली. ती पुन्हा वाकून झाडू लागली. मला वाटलं बोलणं संपलं, पण ओट्याच्या कडेला पोचल्यावर तिने वर न बघताच म्हटलं, "पन घरात तं आले असते."