सोलापूर चपळाचे पहिले हंगाम

फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आय माझ्या बॅगेची चेन लावत होती. ती चेन आधीच बिघडलेली, त्यात तिनं वरून भाकरीचं फडकं कोंबलेलं. कंडक्टर ओरडायला लागला तशी तिनं बॅग तशीच उघडी माझ्या छातीशी धरली आणि म्हणाली, "जा. खेळ. पडलीस तर उठायला कुनाची वाट बगू नगंस." गाडी हलल्यावर मी खिडकीतून हात केला. तिनं केला नाही. ती बाभळीखाली सोडलेल्या शेळ्यांकडं चालायला लागली होती, कारण त्या कुणाच्या तरी मक्यात शिरायच्या बेतात होत्या.

माझे वडील, अण्णा, निरोपाला नव्हते. ते मेंढरं घेऊन भीमेच्या काठाला गेले होते. सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीत यात नवल नाही. दिवाळी झाली की बाप्ये मेंढरं घेऊन चाऱ्यामागं निघतात, ते पावसाच्या तोंडाला परततात. आमच्या घरातलं कुणीतरी कायम कुठंतरी गेलेलंच असायचं. पण लग्नाशिवाय घर सोडून निघालेली पोरगी वस्तीवर मीच पहिली.

शाळेच्या संघात माझ्याबरोबर खेळलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर विचारता, "तितं नेमकं काय काय झालं गं?" आणि निम्मं सांगून होईतो कुणाचं तरी लेकरू रडायला लागतं. म्हणून हे लिहितेय. माझ्यासारख्याच कुठल्याशा फाट्यावरून निघालेल्या पोरींसाठीही.

राज्यात बायकांची खो-खो लीग पहिल्यांदाच सुरू होत होती आणि ट्रायलमधून सोलापूरच्या संघात माझी निवड झाली होती. संघाचं नाव ठेवलं होतं 'सोलापूर चपळा'. नाव ठेवणाऱ्याच्या मनात वीजबीज असेल. पण जर्सी घालून आम्ही सात रस्ता चौकात चहाला गेलो की कुणीतरी विचारायचंच, "चपलांचं दुकान कुठं काढलंय ताई?" श्रीलता हसून उत्तर द्यायची, "मैदानावर या की, तुमचं माप घेतो."

श्रीलता माझी हॉस्टेलमधली रूममेट. शहरातच, पूर्व भागात वाढलेली. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि तिन्हीत तितक्याच जोरात भांडायची. पहिल्या दिवशी मी कॉटवर नुसतीच बसून होते. पंख्याचा आवाज, रस्त्याचा आवाज, आणि शेळ्यांचा कसलाच आवाज नाही. ती म्हणाली, "काय बे, रडतीस काय? रडायचं असलं तर आत्ताच रडून घे. उद्यापासून शिंदे मॅडम रडायला पण वेळ देणार नाहीत."

खरंच दिला नाही. आमच्या कोच शिंदे मॅडमनी पहिल्यांदा माझ्या पायांकडं पाहिलं. मी अनवाणी होते. शाळेत आपण सगळ्याच अनवाणी खेळायचो, माती पायाला सांगायची की आता वळ, आता थांब. इथं रबरी मॅट होती आणि बूट सक्तीचे. बुटात मला माझे पायच सापडेनात. सूर मारला की मॅट गुडघ्याची साल काढायची. फिजिओ नावाची एक बाई असते आणि तिचं काम आपले गुडघे बघायचं असतं, हे मला तिथंच कळलं.

पहिल्या सामन्याला खुर्च्या भरपूर होत्या, माणसं थोडी. बऱ्याचशा खेळाडूंच्या आया-मावश्या. पण कॅमेरे होते, आणि मोबाइलवर लाइव्ह दिसणार असल्यानं आय शेजारच्यांच्या अंगणात जाऊन बसली होती. पळणाऱ्या तिघींत मी आत उतरले, पहिल्याच वळणावर बूट घसरला आणि मी त्यांच्या पाठलाग करणाऱ्या पोरीच्या पायाशी जाऊन पडले. तिनं वाकून माझ्या पाठीला हात लावला. बाद. मी अजून नीट उभीही राहिले नव्हते.

नंतर आयचा फोन आला. मला वाटलं, समजूत घालेल. ती म्हणाली, "वने, मोबाइल अडकला. तू आत जाताना दिसलीस, मग नुसतं गोल गोल फिरायला लागलं. लई वेळ पळालीस का?" मी म्हणाले, "व्हय." तिला एवढा आनंद झाला की खरं काय ते मी सांगितलंच नाही.

हंगाम संपेपर्यंत बूट माझे झाले. शेवटच्या काही सामन्यांत मी साखळी धरून, बसलेल्या पोरींच्या मधून नागमोडी पळत, पाठलाग करणाऱ्यांना दमवू लागले. लोकही यायला लागले. आणि तेवढ्यात संघाचा मुख्य प्रायोजक बाहेर पडला. पुढचा हंगाम होईल की नाही सांगता येत नाही, असं शिंदे मॅडमनी आम्हाला मैदानावरच सांगितलं. हॉस्टेल रिकामं करायचं होतं. पोरी एकेक करून निघाल्या. कुणी फलटणला, कुणी धाराशिवला. मीही बॅग भरली. घरी जायचं म्हणजे परत यायचं नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

श्रीलता मला स्टँडवर सोडायला म्हणून निघाली आणि रिक्षा तिच्या घराकडं वळवली. "अम्माला भेटून जा," म्हणाली. तिची आई दारात विड्या वळत बसली होती. माझी बॅग बघून तिनं विचारलं, "एक्कडिकि?" मग माझ्या तोंडाकडं बघून मराठीत, "कुठं चाललीस?" मी म्हटलं, "घरी." तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. "तिकडं मैदान आहे का?"

"न्हाय."

"मग तिकडं जाऊन काय करतीस? इथं दोन पोरी झोपतात, तिसरीला जागा होत नाही का?"

त्या एका खोलीच्या घरात मी वर्षभर राहिले. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायचं काम धरलं. सकाळी कामाच्या आधी सराव, आणि तो परत मातीवर. शहरात राहिलेल्या आणि आसपासच्या गावांतल्या आम्ही पोरी जमायचो. अम्माकडून मी चिंचेचा पप्पू, म्हणजे आंबट वरण, आणि तेलुगू शिव्या शिकले, पैकी पप्पू मला चांगला जमतो.

मग शिंदे मॅडमना कल्पना सुचली. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरतात, तर त्याआधी आमचा प्रदर्शनी सामना का नको? काही गावांनी सरळ नाही म्हटलं. एका गावात म्हातारे उठून गेले आणि थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं येऊन बसले. अक्कलकोटच्या पुढं एका जत्रेत निवेदक निम्मा मराठी, निम्मा कानडी बोलत होता. आम्ही पळायला लागलो की बायका पदर खोचून उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "ओडु, ओडु!" पळ, पळ. खुर्च्यांच्या हॉलमध्ये असं कुणी ओरडलं नव्हतं.

मंगळवेढ्याकडच्या एका जत्रेत मी आत होते. दोघी बाद झाल्या होत्या, मी एकटी उरलेली. मागून खो, पुढून खो, आणि मी साखळी तुटू न देता पळतेय. शिट्टी वाजली तरी मी बाद झाले नव्हते. श्वास घेत दोरीपाशी आले, तर लोकांच्या मागं काठीवर हनुवटी टेकून अण्णा उभे. लाल फेटा, खांद्यावर घोंगडं. मेंढरांचा तळ तिथून जवळच पडला होता आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमची पोरगी आलीय.

अण्णांनी मला खेळताना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. मी गेले त्यावर ते चांगलंही बोलले नव्हते आणि वाईटही. मी समोर जाऊन उभी राहिले, चड्डीतली, धुळीनं भरलेली, आणि मला एकदम लाज वाटली. त्यांनी माझे गुडघे पाहिले.

"लागलं का?"

"न्हाय, अण्णा. जुनं हाय ते."

मग अण्णा शेजारच्या अनोळखी माणसाकडं वळले आणि म्हणाले, "माझी लेक हाय ही." आणि मला म्हणाले, "बकऱ्यागत पळतीस की गं! घावतच न्हाईस कुनाला." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी अजून ऐकलेलं नाही. त्यांनी मला मैदानावरच तळावरचं दूध पाजलं, माझ्या आणि सगळ्या संघाच्या हातावर गूळ ठेवला, आणि पुढची जत्रा कुठं आहे ते दोनदा विचारून घेतलं.

दुसरा हंगाम झाला. संघ कमी होते, झगमगाट कमी होता, पण त्या जत्रांतली माणसं टेम्पो करून सोलापुरात आली. पहिल्या सामन्याला कानडी आरोळ्या ऐकू आल्या तेव्हा समोरच्या संघाची कॅप्टन चकित होऊन वर बघत राहिली. आम्ही उपांत्य फेरीत हरलो. तिसऱ्या हंगामात अंतिम सामन्यात हरलो. यंदा बघू.

आता मी एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि चपळाकडून अजून खेळते. भाड्याची खोली आहे. श्रीलताचं लग्न झालं, तीही खेळते, तिची पोर मैदानाच्या कडेला अम्माच्या मांडीवर असते. मी बोलताना सोलापुरी 'बे' म्हणते, आणि वस्तीवर गेले की पोरं मला चिडवतात.

इतकी वर्षं आय फोनवर एकच विचारायची, "घरी कवा येतीस?" गेल्या दिवाळीत मी वस्तीवर होते. अंगणात अण्णांची निघायची तयारी चालली होती, घोंगड्या उन्हात टाकलेल्या. आय भाकरी थापत होती. परातीतून नजर न काढता तिनं विचारलं, "घरी कवा जायाचं हाय तुला?"

मला आधी कळलंच नाही. मग तिच्याही लक्षात आलं आपण काय बोललो ते. तिचा हात क्षणभर थांबला. मला वाटलं ती शब्द मागं घेईल. पण तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "म्हंजे बांधून द्यायला, किती भाकरी करू?"

"परवा जाते," मी म्हणाले. "अम्मासाठी पन दे."